गरिबीचा अभ्यास कोणासाठी?

जानेवारी १९७१मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा दीर्घ निबंध दोन अंकांत छापला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळवून देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर घेतला जातो, ती पातळी त्यांनी गरिबीची सीमा मानली. १९६०-६१च्या किमतींना हा खर्च खेड्यात दरडोई दरमहा सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होता. या हिशेबाने खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक गरीब ठरले. त्याच वर्षी लोकसभेची निवडणूक ‘गरिबी हटाओ’ या घोषणेवर लढली गेली. घोषणा प्रचाराच्या भिंतींवर होती आणि गरीब किती, कुठे आणि कशाने हे सांगणारे कोष्टक पुण्यातल्या एका संस्थेच्या टेबलावर तयार होते.

गरिबी आणि विषमता यांच्या अभ्यासाची ओळख करून देताना सुरुवात या निबंधापासून करण्याचे कारण आहे. दारिद्र्यरेषा, कुटुंबनिहाय खर्च, उष्मांक ही आज वर्तमानपत्रांत सहज येणारी शब्दावली सर्वसामान्य चर्चेत आणण्यात या निबंधाचा वाटा मोठा आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. मोजमाप करून हे दोघे थांबले नाहीत. सर्वांना पुरेल इतकी जमीन वाटायला उपलब्ध नाही, तेव्हा ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून हाताला काम द्यावे आणि त्याचा भार समाजाच्या वरच्या थराने आपल्या उपभोगाला कात्री लावून उचलावा, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. गरिबीचा आकडा मांडणाऱ्याने तो आकडा खाली कसा आणायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची हेही सांगितले पाहिजे, ही अपेक्षा तिथे पूर्ण झालेली दिसते. पुढच्या अर्धशतकातल्या संशोधनाला मी हीच कसोटी लावतो.

अर्थात ही परंपरा १९७१च्या फार आधीची. एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक राहिलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मुंबईत भारताच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २० रुपये आहे, असा हिशेब त्यांनी मांडला आणि त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याला दिल्या जाणाऱ्या शिध्याचा खर्च ठेवला. कायदा मोडणाऱ्याला सरकार जेवढे खायला घालते तेवढेही कष्ट करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, हे त्या दोन आकड्यांतून उघड झाले. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सरकारी अहवालाची भाषा नाही, पण शेतकऱ्याच्या घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, अन्न, कर्ज आणि ते कर्ज त्याच्यावर कसे चढते याची बारकाईने केलेली नोंद आहे. दादाभाई देशातून बाहेर जाणाऱ्या संपत्तीकडे बोट दाखवत होते. फुले गावातल्या आणि कचेरीतल्या त्या माणसांकडे बोट दाखवत होते, ज्यांच्या हातून शेतकरी नागवला जात होता. गरिबी आणि विषमता हे दोन वेगळे विषय नाहीत, हे या दोघांना एकत्र वाचले की ध्यानात येते.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली ‘पिंपळे सौदागर’ या गावाची पाहणी प्रसिद्ध केली. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडमध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातल्या गरिबीचा अभ्यास १९०१ साली प्रसिद्ध केला होता. त्या पद्धतीने मान यांनी मायदेशातल्या एका खेड्याची पाहणी आधी केली होती आणि मग तीच शिस्त घेऊन ते दख्खनच्या गावात उतरले. पिंपळे सौदागरमध्ये १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१५च्या सुमारास सात एकरांवर आले होते. जुनी दप्तरे आणि प्रत्यक्ष बांध दोन्ही तपासून काढलेला हा आकडा आहे. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लेख लिहून चर्चेचा रोखच बदलला. शेत लहान आहे म्हणून शेतकरी गरीब, एवढ्यावर थांबू नका. शेतीवर लादलेल्या रिकाम्या हातांना दुसरे काम नाही आणि जमिनीला भांडवल नाही, हे मूळ दुखणे आहे. इलाज औद्योगिकीकरणात आहे, असे त्यांचे म्हणणे. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि मान यांनी मोजलेल्या वावरांच्या जागी उंच गृहसंकुले उभी आहेत. त्या जमिनीचे पुढे काय झाले, पैसा कोणाकडे गेला आणि भूमिहीनांच्या वाट्याला काय आले, याची तितक्याच काटेकोरपणे पाहणी व्हायला हवी.

गरिबी मोजतात कशी? वाचकाने ही प्रक्रिया जवळून पाहावी, असा माझा आग्रह आहे. १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिचा अन्वेषक निवडलेल्या घरी जातो, ओसरीवर बसतो आणि लांबलचक प्रश्नावली उघडतो. गेल्या ३० दिवसांत ज्वारी किती लागली? तांदूळ? त्यातला रेशनचा किती, दुकानातला किती, घरच्या शेतातला किती? गोडेतेल, मीठ, गूळ, चहा पावडर, काडेपेटी, साबण? घरच्या धान्याला पैसे मोजलेले नसतात, तरी त्याची किंमत लावायची. महिन्यापूर्वी आणलेले तेल किती उरले आहे हे आठवायचे. उत्तरे बहुधा कुटुंबप्रमुख म्हणवणारा पुरुष देतो. डब्यात पीठ किती आहे हे मात्र चुलीपाशी बसलेल्या बाईला ठाऊक असते. अशा प्रश्नोत्तरांतून एका घराचा मासिक दरडोई खर्च निघतो, अशा लाखभर घरांतून देशाचा आकडा तयार होतो.

या आठवणीच्या हिशेबात बारीकसा बदल केला तरी किती उलथापालथ होते ते १९९९-२०००च्या फेरीत दिसले. एकाच घराला अन्नाचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही पद्धतींनी शेजारी शेजारी विचारला गेला. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला आणि गरिबीचे प्रमाण २६ टक्क्यांवर उतरल्याचे दिसले. ही घट खरी किती आणि प्रश्नावलीतून आलेली किती, यावर देशातले आणि परदेशातले अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षे भांडत राहिले. पुढे २०१७-१८च्या पाहणीचे निष्कर्ष दर्जाचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. त्यामुळे २०११-१२नंतरचा खर्चाचा पुढचा अधिकृत आकडा पाहायला २०२२-२३च्या पाहणीची वाट बघावी लागली. दशकभर देशाने आपल्या गरिबीकडे खर्चाच्या अधिकृत चष्म्यातून पाहिलेच नाही.

रेषा कुठे ओढायची हा वाद याहून मूलभूत आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यातच घडला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि त्यांनी दांडेकरांच्या मांडणीला आव्हान दिले. माणसामाणसांची गरज वेगळी असते, एवढेच नाही तर एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर कमी-अधिक अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, असे सुखात्मे सांगत. मग सरासरी गरजेच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी कसा म्हणायचा? त्यांच्या पद्धतीने सीमा बरीच खाली येते आणि उपाशी ठरणाऱ्यांची संख्याही घटते. दांडेकरांचे उत्तर असे, की आपण शरीरशास्त्रातली उपासमार मोजत नसून समाजाने ठरवायची किमान राहणी मोजतो आहोत. सुखात्म्यांचा दुसरा मुद्दा मात्र सहसा विसरला जातो. घाण पाण्याने हगवण लागलेल्या मुलाच्या पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही, म्हणून शुद्ध पाणी आणि स्वच्छतेकडे लक्ष द्या, असे ते ठासून सांगत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. तेव्हा अन्न आणि पाणी या दोन्ही बाजूंची दखल घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

या वादातून मी घेतलेला धडा एवढाच, की दारिद्र्यरेषा निसर्गात सापडत नाही, ती माणसे ओढतात. माणसाला जगायला काय लागते याचा निर्णय त्यामागे असतो. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ साली उष्मांकांचा आधार सोडला, शिक्षण आणि औषधोपचारावरचा खर्च हिशेबात घेतला आणि २००४-०५च्या गरिबीचे प्रमाण २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले. माणसे तीच, वर्ष तेच. समितीने त्यांच्या गरजांबद्दलचे मत बदलले आणि जवळपास दहा कोटी लोक रेषेच्या खाली आले. तरीही ती रेषा किती खाली होती हे २०११ साली कळले. शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा गरीब नाही, असे नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि देशभर संताप उसळला. मला तो संताप आरोग्यदायी वाटतो. एरवी समित्यांच्या खोलीत होणारा निर्णय त्या निमित्ताने चहाच्या टपरीवर तपासला गेला.

रेषेच्या पद्धतीत आणखी एक खोट आहे. समजा, घरात कोणी आजारी पडले, सावकाराकडून कर्ज काढले, शस्त्रक्रिया केली. पाहणीच्या प्रश्नावलीत तो सारा खर्च म्हणूनच नोंदला जातो. कर्जाच्या खाईत पडलेले कुटुंब त्या वर्षी कागदावर रेषेच्या वर चढलेले दिसते. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी, आणि गावाकडच्या दवाखान्यात डॉक्टर पिशवी काढून टाका म्हणतो. ही गरिबी दरमहा दरडोई खर्चाच्या रकान्यात मावत नाही. शिवाय दिवाळीनंतर ऊसतोड कामगाराचे कुटुंब कोयता घेऊन निघून गेलेले असते. अन्वेषक गावात येतो तेव्हा दाराला कुलूप असते. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्तांचे तर दारच नसते. त्यांच्यासाठीच्या राष्ट्रीय आयोगाने, बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली, २००८ साली अहवाल दिला, तेव्हाही या समाजांची नेमकी लोकसंख्या किती हा प्रश्न अनुत्तरितच होता.

म्हणूनच विषमतेच्या अभ्यासाने किती गरीब याच्यापुढे जाऊन कोण गरीब आणि का, असे विचारले. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह २००७ साली एक साधा पण भेदक प्रयोग प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे अर्ज पाठवले, फक्त नावे वेगळी. दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश निघाली. गुणवत्ता एक आणि दार वेगळे, हे त्यातून सिद्ध झाले. शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठात वेगळी वाट चोखाळली. २००६च्या आपल्या पुस्तकात त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राचा पुरावा म्हणून मान दिला. घरात जात आणि लिंगभाव एकत्र कसे चालतात हे कोष्टकाला सांगता येत नाही, पण सगळ्यांची जेवणे झाल्यावर तळाशी उरलेले खाणारी बाई ते नेमके सांगू शकते. आता २०२७च्या जनगणनेत जातनिहाय मोजणी करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला आहे. १९३१नंतर प्रथमच अशी मोजणी पूर्ण झाली, तर संशोधकांपुढचा मोठा अडथळा दूर होईल.

अभ्यासकांची नजर वरच्या टोकाकडे मात्र उशिरा वळली. श्रीमंतांच्या फाटकातून अन्वेषकाला आत जाता येत नाही, गेलाच तर पूर्ण उत्तरे मिळत नाहीत. त्यामुळे घरोघरच्या पाहण्यांत विषमता प्रत्यक्षाहून कमी दिसते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयकराच्या नोंदी जोडून घेत २०२४ साली अंदाज मांडला, की २०२२-२३मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४० टक्के वाटा होता. या अंदाजांवर आक्षेप आहेत आणि ते घेतलेही पाहिजेत. पण विषमतेवर बोलायचे आणि श्रीमंतीचा हिशेब टाळायचा, हे यापुढे कोणा प्रामाणिक अभ्यासकाला जमू नये.

संशोधनाने प्रत्यक्षात काही बदलते का, असे अनेक तरुण विचारतात. महाराष्ट्राचा अनुभव सांगतो, की बदलते. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा राज्याने खडी फोडण्याची, पाझर तलावांची, रस्त्यांची कामे काढली. ऐन उन्हाळ्यात त्यांवर ५० लाखांच्या आसपास मजूर राबत होते. वि. स. पागे यांनी आग्रहाने पुढे नेलेली रोजगार हमी योजना याच काळात रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क देणारा तो पहिला कायदा. २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगाराची हमी देणारा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. अशीच सार्वजनिक कामे सुचवणारे दांडेकर या योजनेचे समर्थक होते आणि तरीही १९८० साली माधव साठे यांच्यासह त्यांनी तिची परखड पाहणी केली. आपल्या विचाराशी जुळणाऱ्या योजनेचीही कठोर तपासणी करणे ही अभ्यासकाची निष्ठा होय.

त्याच सुमारास अभय बंग यांनी शेतमजुरांच्या किमान वेतनाचा प्रश्न हाती घेतला. पागे यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने दिवसाला चार रुपये मजुरी सुचवली होती. बंग यांनी त्या हिशेबातली एकेक पायरी तपासली, राबणाऱ्या शरीराला लागणारे उष्मांक आणि कुटुंबाच्या गरजा यांबाबतच्या चुका दाखवल्या आणि न्याय्य मजुरी बारा रुपयांच्या घरात जाते असे मांडले. पुढे मजुरीचे दर वाढले. पुस्तकातला उष्मांक आणि मजुराच्या हातात पडणारा रोज यांच्यातले अंतर किती थोडे असते, ते इथे दिसते. दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ साली राज्याच्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. त्यानंतर विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा आकड्यांनिशी होऊ लागली.

या विद्येवरचा माझा मुख्य आक्षेप तिच्या पद्धतीबद्दल नाही, तिच्या पत्त्याबद्दल आहे. गरिबीवरचे संशोधन इंग्रजीत लिहिले जाते, परदेशी नियतकालिकांत छापले जाते आणि पदोन्नतीच्या अर्जाला जोडले जाते. ज्या बाईने आपला चुलीचा हिशेब सांगितला, तिच्या ग्रामसभेत तो निष्कर्ष कधीच वाचून दाखवला जात नाही. ‘अर्थबोधपत्रिका’ आणि ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या मराठी नियतकालिकांनी ही दरी बुजवण्याचा प्रयत्न केला, पण विद्यापीठांच्या लेखी अशा लेखनाला श्रेय जवळपास नाही. माहिती द्यायची गरिबाने आणि ज्ञान व्हायचे दुसऱ्याचे, ही स्वतःच एक विषमता आहे. गरिबीचा अभ्यासक तिचा भागीदार होऊन कसा चालेल?

तेव्हा या विषयात पाऊल टाकणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे. संख्याशास्त्र पक्के करा, कारण ढिसाळ आकडा गरिबाचे नुकसानच करतो. पण कोष्टक बनवण्याआधी एकदा तरी अन्वेषकाबरोबर गावात, पालावर, ऊसतोडीच्या फडावर जा. घरातल्या बाईशी वेगळे बोला. तुमची रेषा कुठे आणि का ओढली हे पहिल्याच पानावर लिहा. जे सापडले ते मराठीत लिहा आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यापुढे उभे राहून वाचा. ते चूक काढतील, ती दुरुस्त करा.

आणि सर्वसामान्य वाचकाला विनंती अशी, की गरिबी घटली किंवा वाढली अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा आकड्यावर थांबू नका. मोजले कोणी, कोणाला विचारले, कोण सुटले आणि माणसाला जगायला काय लागते असे मोजणाऱ्याने गृहीत धरले, हे चार प्रश्न विचारा. ज्या समाजात हे प्रश्न नागरिक विचारतात, तिथे गरिबांना विसरणे कोणत्याही सरकारला आणि कोणत्याही विद्यापीठाला सोपे जात नाही.